धंदा नक्की कुणाला करायचाय?

प्रश्न : मुलगा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माती सुकली की कुंडीला आपोआप पाणी देणारं, मोबाइलला जोडलेलं यंत्र त्याने बनवलं. ओळखीच्या दहा जणांनी ते नेलं. सुट्या भागांना विक्रीच्या निम्मा खर्च येतो, म्हणजे निम्मा नफा. त्याने वर्षभर कॉलेज थांबवावं, मी बचतीतून प्लास्टिकच्या खोक्याचे साचे करून देतो, असं मी त्याला म्हणतोय. तो म्हणतो, परीक्षेनंतर बघू. त्याच्यात धडाडी कशी आणावी?

उत्तर : अख्ख्या पत्रात मुलाचं म्हणणं एका ओळीत आटोपलंय, आणि तेही तुम्ही त्याचा दोष म्हणून लिहिलंय. मला तर पत्रातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तेच वाटलं. यंत्र त्याने बनवलंय, त्यात काय कच्चं आहे हे त्यालाच ठाऊक. तुम्ही विचारलंत का?

आता विचारा. मातीत खुपसायचा सेन्सर दोन उघड्या दांड्यांचा असेल, तर त्यातून सतत वीज गेल्याने दांड्या काही आठवड्यांत झिजतात आणि आकडे भरकटतात. कपॅसिटिव्ह पट्टी (उघड्या धातूऐवजी झाकलेल्या पट्टीने ओल मोजणारी) असेल, तर तिच्या कापलेल्या कडेतून ओल आत शिरते. कडेला लॅकर, म्हणजे ओल अडवणारा वॉर्निशसारखा थर, लावलंय का? यंत्र झोपलेलं असताना करंट किती? चिप काही मायक्रोअँपिअरवर झोपते, पण तयार डेव्हलपमेंट बोर्डवरचे (प्रयोगासाठी बाजारात मिळणाऱ्या सर्किटवरचे) बाकीचे भाग जागेच असतात. १० मिलिअँपिअर जात असतील तर २००० एमएएचची बॅटरी जेमतेम आठ दिवस. पाण्याची टाकी नळीच्या तोंडापेक्षा उंच असेल तर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी वाहतच राहतं. आणि सेन्सर चुकला तर? पंप किती सेकंदांनी स्वतःहून थांबतो? ही सोय नसेल तर पहिली तक्रार भिजलेल्या फरशीची येईल.

तुमच्या 'निम्म्या नफ्या'चं बोलू. भागांची बेरीज म्हणजे उत्पादनाचा खर्च नव्हे. जुळणी, प्रत्येक नगाची तपासणी, पॅकिंग, वाहतूक, बिघडून परत आलेले नग आणि विक्रेत्याचं कमिशन हे सगळं त्यावर चढतं. म्हणून या धंद्यात विक्रीची किंमत साधारण भागांच्या तिप्पट-चौपट धरतात. दुपटीने विकलंत तर बहुधा दर नगामागे पदरचे घालाल, आणि खप वाढेल तसा खड्डाही वाढेल. शिवाय यंत्र एकदाच विकलं जातं, ॲपच्या सर्व्हरचं बिल मात्र दरमहा येतं. ह्युमेन कंपनीने २० कोटी डॉलरहून जास्त भांडवल उभारून २०२४ मध्ये एआय पिन, म्हणजे कपड्यावर लावायचं एआय यंत्र, बाजारात आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि लोकांनी विकत घेतलेली यंत्रं जवळजवळ निकामी झाली.

साचे तर सगळ्यात शेवटी. साच्यातलं पोलाद आणखी कोरता येतं, कोरलेलं भरून काढणं महागात पडतं. डिझाइन हलतंय तोवर थ्रीडी प्रिंटची खोकी पुरेत.

कॉलेज थांबवू नका. पदवी हातात असली की नोकरी, पुढचं शिक्षण, धंदा, तिन्ही रस्ते खुले.

धडाडी तुमच्यात आहे, तर विक्री तुम्हीच करा. ओळखीच्यांना नव्हे, अनोळखी लोकांना पूर्ण किमतीत वीस नग विका. तक्रारींचे फोन तुम्ही घ्या, वहीत नोंदवा, मुलाला परीक्षेनंतर दाखवा. तीन महिन्यांनी वीसपैकी पंधरा यंत्रं खरंच वापरात असली, तर पुढचे पन्नास नग त्याच्या स्वतःच्या सर्किट बोर्डवर करा, रेडिओसाठी (मोबाइलशी बिनतारी जोडणीसाठी) आधीच प्रमाणित झालेलं तयार मॉड्यूल वापरून. आणि त्याआधी त्याचा हिस्सा किती, ते कागदावर लिहून द्या. तो 'नको' म्हणाला, तर ते उत्तरही ऐकून घ्या.