मराठी माध्यम, नीट आणि लेखी इंग्रजी

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकवणारे शेतकरी. माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता अकरावी विज्ञानला आहे आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे. नीटमध्ये तर फक्त गोल काळे करायचे असतात. मग इंग्रजी लिहिण्याच्या सरावावर तिने वेळ घालवावा का? आणि परीक्षा मराठीतून दिली तर चालेल का?

उत्तर : परीक्षा मराठीतून अवश्य देता येते. त्या पर्यायात प्रश्नपुस्तिका मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळते. मात्र भाषांतरात काही संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूरच अंतिम मानला जातो, म्हणून तिने संज्ञा दोन्ही भाषांत पाठ कराव्यात. ७२० गुणांच्या या परीक्षेत लिहावे काहीच लागत नाही. बारावीला इंग्रजीत उत्तीर्ण होणे सक्तीचे आहे, पण ते गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत.

अर्ज भरताना मात्र नावाच्या इंग्रजी स्पेलिंगकडे लक्ष द्या. ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ आपल्याकडे एकाच घरात सापडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि जातवैधता प्रमाणपत्रावर तिसरेच असले, तर कागदपत्र पडताळणीच्या वेळी ऐन घाईत प्रतिज्ञापत्रांसाठी धावपळ करावी लागते. ही दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

लेखी इंग्रजीची खरी गरज प्रवेशानंतर लागते. विद्यापीठाच्या परीक्षेत दीर्घोत्तरे लिहायची असतात आणि तिथे एका अक्षराने अवयव बदलतो. ‘इलियम’ हा शब्द देवनागरीत एकच दिसतो, पण इंग्रजीत मधले अक्षर ‘आय’ असेल तर ते कमरेचे हाड, आणि ‘ई’ असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. मीही मराठी माध्यमातूनच आलो. पहिल्याच चाचणीत आतड्याच्या उत्तरात मी हाडाचे स्पेलिंग लिहिले होते आणि सरांनी त्याभोवती ओढलेले लाल वर्तुळ मला अजून आठवते.

पुढे वॉर्डात हे प्रकरण गुणांपुरते राहत नाही. फवारणीच्या दिवसांत विषबाधा झालेला शेतमजूर रात्री दाखल होतो, त्याला अ‍ॅट्रोपिनचे डोस द्यावे लागतात, आणि सकाळी पाळी बदलल्यावर येणारा डॉक्टर केस पेपर वाचूनच पुढचा डोस ठरवतो. किती मिलिग्रॅम दिले, किती वाजता दिले, नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या तेव्हा कशा होत्या, हे त्या कागदावर निःसंदिग्ध असावे लागते. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’ पूर्ण न लिहिता नुसते ‘यू’ लिहिले, तर ते शून्य वाचले जाऊन दहाचे शंभर होऊ शकतात. अशा लेखनाला अलंकारिक इंग्रजी लागत नाही; छोटी, अचूक वाक्ये लागतात, आणि ती कोणत्याही माध्यमातल्या मुलीला सरावाने जमतात.

वेगळा क्लास लावण्याची गरज मला वाटत नाही. रोज जीवशास्त्राचा एक परिच्छेद वाचून तिने पुस्तक मिटावे, तोच आशय पाच इंग्रजी वाक्यांत लिहावा आणि मग पुस्तक उघडून स्पेलिंग, एकवचन-अनेकवचन आणि क्रियापदाचा काळ स्वतःच तपासावा. आठवड्यातून एकदा ती वही इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवावी. बारावीच्या परीक्षेआधीचे दोन महिने हा सराव थांबवला तरी हरकत नाही. नीट संपल्यावर पुन्हा सुरू करावा.