आधी माणसाकडे बघ

प्रिय बाळ,
सलाम.

नाताळाच्या आधी दवाखान्यात फळवाटपाला चला, असं तू उपासनेनंतर सगळ्यांना सांगितलंस आणि कोणी आलं नाही. आता लिहितोस की आपल्या चर्चच्या मंडळीत प्रीती उरलेली नाही, यापुढे घरीच भक्ती करीन. तुझी तळमळ मला कळते, निष्कर्ष मुळीच पटत नाही.

तू सगळ्यांना सांगितलंस. एकाच्या तरी दारात जाऊन विचारलंस का? बायबलमधलं इब्री 10:24 हे वचन तूच पत्रात उतरवलं आहेस. प्रीती आणि सत्कर्मांना उत्तेजन द्यायचं, पण ते एकमेकांकडे लक्ष देऊन. तू सत्कर्मं उचललीस आणि माणसं तशीच ठेवलीस. शिवाय पुढच्याच वचनात एकत्र मिळणं सोडू नका असं आहे, तेव्हा घरच्या भक्तीचा विषय संपला.

पहिल्या मंडळीतला बर्णबा काय करत होता ते बघ. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते, आणि त्यांच्या भीतीला कारणही होतं, आधी त्यानेच त्यांचा छळ केला होता. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेलं. पुढे अंत्युखियात काम वाढलं तेव्हा तार्सास जाऊन त्याला शोधून आणलं. सेवेचा प्रवास अर्ध्यावर सोडून पंफुल्याहून परतलेल्या मार्कासाठी तर तो याच पौलाशी भांडला, वेगळा झाला आणि मार्काला घेऊन कुप्रास गेला. शेवटी पौलच आपल्या तीमथ्य नावाच्या सहकाऱ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. नव्या करारात बर्णबाच्या नावाचं एकही पत्र नाही. त्याने माणसं उभी केली.

कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीत, एका सहप्रवाशाकडून. 1895 साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. समोर बसलेल्या माणसाकडे त्या प्रवाशाने लक्ष दिलं, एवढंच.

मी मंडळीचा कारभार बघणारा पंच असताना मंडळीचा हॉल झाला नाही, हे मला अजून ऐकवतात. वर्गणीची वही घेऊन मी फिरलो नाही हे खरं. रविवारी ज्यांची जागा रिकामी दिसे, दुपारी मी त्यांच्या घरी जात असे. हॉल राहिला याचं वाईट वाटतं, पावसात प्रीतिभोजनाची पंगत उठवावी लागते तेव्हा फारच वाटतं. पण त्यातल्याच एका घरातला, दारूपायी सगळ्यांनी सोडून दिलेला मुलगा आज मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, घेतो. पुन्हा वेळ आली तर मी वही बाजूला ठेवून त्याच घरी जाईन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

तेव्हा येत्या रविवारी घोषणा करू नकोस. शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाच्या आधीच उठून जातो, अशी तक्रार तू केली आहेस. त्याचं नाव पत्रात नाही. बहुधा तुला माहीतच नाही. विचार त्याला. रात्रपाळी असते का, घरी कोणी आजारी आहे का, विचार. चहा घ्या दोघं. मग म्हण, फळं आणायला बाजारात माझ्याबरोबर चल. नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचार, रुसून बसू नकोस.

त्याचं नाव कळलं की मला लिही. मीही त्याच्यासाठी प्रार्थना करीन.

तुझा,
काका