ग्रीसमध्ये कुटुंबासाठी शिडाची नौका भाड्याने घेताना

मुलांना घेऊन पहिल्यांदाच निघणार असाल, तर जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रातल्या सिक्लाडीझ बेटांचा हट्ट धरू नका, असे मी आग्रहाने सांगेन. त्या काळात तेथे मेल्तेमी हा उत्तरेचा वारा कधी कधी सलग काही दिवस जोराने वाहतो आणि मुले एकदा घाबरली की पुन्हा नौकेवर पाय ठेवायला तयार होत नाहीत. त्याऐवजी ग्रीसच्या पश्चिमेकडील लेफ्कादा बेटाहून आयोनियन समुद्रात निघा. तेथे उन्हाळ्यात सकाळ बहुधा शांत असते, दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि मेगानिसी, इथाका ही बेटे जवळ आहेत. 5 नॉटच्या (ताशी 5 सागरी मैल) वेगाने 15 सागरी मैलांना 3 तास लागतात. मुलांसोबत दिवसाला एवढे अंतर पुरे. कप्तानाविना नौका घ्यायची, तर नौकानयनाचा परवाना आणि सोबत दुसरी अनुभवी व्यक्ती लागते; तशी तयारी नसेल, तर कप्तानाचा खर्च अवश्य करा, मात्र त्याच्या झोपण्याची सोय नौका निवडतानाच विचारात घ्या. ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढा, कारण अनामत रकमेचा वाद तेथेच उद्भवतो, आणि मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आगाऊ मागवून धक्क्यावरच घालून पाहा.