‘गणित जमत नाही’ म्हणजे नेमकं काय?

सहामाहीचे पेपर हातात पडले की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दरवर्षी तेच ऐकू येतं. ‘दहावीला नव्वदच्या वर होते, आता अकरावी सायन्सला गणित जमतच नाही.’ कधी आई सांगते, कधी मूल स्वतः. पाठोपाठ प्रश्न येतो, आर्ट्सला टाकायचं का?

निफाडकडची एक मुलगी आठवते. (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.) वडील द्राक्षबागायतदार, ऐन ऑक्टोबर छाटणीत मजूर बागेत सोडून आलेले. “मॅडम, पोरगी हुशार आहे हो. गणितात ९२ होते. आता ४० पैकी ९. तेवढी भीती काढून द्या तिच्या डोक्यातली.” पोरगी मांडीवरच्या सॅकचा पट्टा बोटाला गुंडाळत होती.

पहिल्या दोन भेटी मी भीतीवरच खर्च केल्या. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर असतो. प्रसंगापेक्षा त्याबद्दल आपण मनाशी जे बोलतो, त्यानं माणूस जास्त खचतो. ‘मी ढ आहे’ हे तिचं वाक्य कागदावर घेतलं, त्याला पुरावा मागितला. तिला सगळं पटायचं. घरी जाऊन वही उघडली की पुन्हा डोळ्यांत पाणी.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, “वही दाखव बघू.”

आलेख पीसवाइज फंक्शनचा होता, म्हणजे एक्सच्या किमतीनुसार ज्याचा नियम बदलतो अशा फंक्शनचा. कंसात एकाखाली एक दोन नियम. एक्स २ पेक्षा लहान असेल तर एक्स अधिक १. एक्स २ किंवा त्याहून मोठा असेल तर २ एक्स वजा ३. तिनं दोन्ही रेषा पट्टीनं पानभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढल्या होत्या. जिथे छेदल्या त्या (४, ५) बिंदूभोवती सुबक गोल. त्यावर सरांची लाल फुली.

“हा गोल कशासाठी गं?”

“उत्तर ना ते. छेदनबिंदू.”

मी बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं, ते त्या दिवशी कामी आलं. दहावीच्या बीजगणितात दोन समीकरणं दिसली की दोन पूर्ण रेषा काढायच्या आणि छेदनबिंदू शोधायचा. पोरगी मागच्या वर्षीचं गणित सोडवत होती, तेही अगदी अचूक! ज्या सवयीनं ९२ मिळवून दिले, तीच आता पाय ओढत होती. यात मला भीती कुठे दिसेना. आणि मी दोन भेटी भीतीलाच धरून बसले होते.

“बरं, एक्स ३ असताना फंक्शनची किंमत किती?”

तिनं झरझर केलं. “४. आणि... ३.”

“दोन्ही?”

ती थांबली. पेन्सिल स्वल्पविरामापुढच्या बारीक अक्षरांवर गेली. ती अट तिनं आजवर वाचलीच नव्हती. रस्त्याकडेच्या पाटीसारखी ती नुसती तिथे असायची. बराच वेळ गेला. मी मुद्दाम बोलले नाही; अशा वेळी गप्प बसणं मला वीस वर्षांनी जमायला लागलंय.

“३ म्हणजे २ पेक्षा मोठा. मग वरचा नियम इथे चालतच नाही. खालचाच. ३.” मग स्वतःशीच, “म्हणजे दोन्ही रेषा अर्ध्याअर्ध्याच?”

टेबलावरचं एक कार्ड दिलं. एक्स जिथे २ आहे तिथे उभी तुटक रेघ मारायची, उजवी बाजू कार्डानं झाकायची आणि पहिली रेषा रेघेपर्यंतच आणायची. मग कार्ड डावीकडे सरकवून दुसरी. पहिली (२, ३) ला येऊन थांबली, दुसरी (२, १) पासून निघाली. मध्ये उडी.

रेषेचं टोक धरायचं असेल तर तिथे भरीव गोल, सोडायचं असेल तर पोकळ. कुठला कुठे, यावर अडली तेव्हा एसटी मदतीला आली. भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा. बरोबर सहाव्या किलोमीटरला उतरलात तर एकच टप्पा, पुढे गेलात की दुसरा लागला. म्हणजे सहावर पहिल्या टप्प्याचं टोक भरीव आणि दुसऱ्याची सुरुवात पोकळ. “मला कुठे तिकीट लागतं, माझा पास मोफत आहे,” म्हणून हसली. पण वहीत परत येऊन (२, ३) ला पोकळ आणि (२, १) ला भरीव गोल स्वतः काढला. ‘किंवा त्याहून मोठा’ हे शब्द खालच्या नियमात आहेत, म्हणून २ त्याच्या वाट्याला, हेही तिनंच सांगितलं.

पालकांना माझं सांगणं असं, की मूल ‘जमत नाही’ म्हणालं तर धीर देण्याआधी वही मागा. गणित तुम्हाला येत नसलं तरी चालेल. ‘इथे तू काय केलंस?’ एवढं विचारा आणि मध्ये बोलू नका. चुकीची ओळ सापडली तर सरांना ‘हिला आलेख समजत नाहीत’ म्हणू नका, ती ओळ दाखवा. खरी भीती असतेच काही मुलांना, रात्रीची झोप उडालेली असते. तिथे माझं काम वेगळं आणि जास्त दिवसांचं. पण शाखा बदलायचा निर्णय पेपर मिळालेल्या आठवड्यात घेऊ नका.

शेवटच्या भेटीला ती एकटीच आली, वडील बागेत. मॉड्युलसचा, म्हणजे वजा चिन्ह सोडून उरणाऱ्या किमतीचा, आलेख तिनं स्वतःहून दोन तुकड्यांत लिहून आणला होता. शून्य किंवा मोठा असेल तर एक्स, शून्यापेक्षा लहान असेल तर वजा एक्स. दोन्ही हात शून्यावर येऊन मिळालेले.

“डावीकडचा इथे पोकळ यायला हवा ना?” मी मुद्दाम विचारलं.

“काढला होता मॅडम,” ती म्हणाली, “पण उजवीकडच्याचा भरीव बरोबर त्याच्यावरच बसला. बुजून गेला.”