एसएसडीची झीज: कंट्रोलरला त्याचे काम करू द्या

प्रश्न (दादर): ५०० जीबीच्या एसएसडीचे (चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कचे) सी आणि डी असे दोन भाग केले आहेत. विंडोज सीवर आहे, म्हणजे तो भाग आधी झिजेल. दर सहा महिन्यांनी दोन्हींची अदलाबदल करू का?

उत्तर: अजिबात नको. सी आणि डी हे विंडोजच्या हिशेबातले भाग. आतल्या चिपवर तशी रेघ कुठेच नसते. एक्सेलची एकच फाइल तुम्ही दिवसात शंभर वेळा सेव्ह केलीत, तरी ती त्याच जागी शंभर वेळा लिहिली जात नाही. डिस्कचा कारभार पाहणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, दर वेळी आधीच पुसून ठेवलेले कोरे पान (साठवणीचा छोटा तुकडा) घेतो, जुने पान रद्द ठरवतो आणि नवा पत्ता आपल्या तक्त्यात टिपतो. लिहिणे पानापानाने होते, पुसणे मात्र अख्ख्या ब्लॉकचे, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पाने असतात. खरी झीज या पुसण्या-लिहिण्याच्या फेऱ्यांनी होते. आजच्या टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट साठवणाऱ्या) चिपचा ब्लॉक साधारण १,००० ते ३,००० फेऱ्या सोसतो, क्यूएलसीचा (चार बिटवाल्या चिपचा) त्याहून कमी. म्हणून कोणता ब्लॉक किती वेळा पुसला याची मोजदाद कंट्रोलर ठेवतो आणि कमी वापरलेला ब्लॉक पुढे करतो. हेच वेअर लेव्हलिंग.

यातली खरी हुशारी पुढे आहे. गणपतीचे चार वर्षांपूर्वीचे फोटो पडून असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. त्यांच्याखालचे ब्लॉक ताजे राहतात आणि उरलेल्यांवर सगळा भार पडतो. चांगला कंट्रोलर अधूनमधून ते फोटो उचलून जास्त झिजलेल्या ब्लॉकमध्ये नेऊन ठेवतो आणि ताजे ब्लॉक रोजच्या कामाला मोकळे करतो. तुमच्या अदलाबदलीने यात भर काहीच पडणार नाही, उलट शेकडो जीबीचे लिखाण फुकट होईल.

प्रश्न (परळ): लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. डिस्क कायम ९५ टक्के भरलेली असते. त्याने आयुष्य कमी होते का?

उत्तर: होते, आणि वेगही पडतो. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट सरकवायचे तर आधी पलंग बाहेर काढावा लागतो, तसेच हे. समजा एका ब्लॉकमध्ये २५६ पाने आहेत आणि त्यातली १०च रद्द झाली आहेत. तो ब्लॉक पुसायचा तर उरलेली २४६ पाने आधी दुसरीकडे लिहावी लागतात. तुम्ही लिहिले थोडे, चिपवर लिहिले गेले कितीतरी जास्त. डिस्कवर मोकळी जागा असेल तर रद्द पाने जास्त असलेले ब्लॉक सापडतात आणि ही हलवाहलव घटते. १५ ते २० टक्के जागा नेहमी रिकामी ठेवा. झालेले काम हार्ड डिस्कवर हलवा.

दुसरी गोष्ट ट्रिमची, म्हणजे कोणता डेटा डिलीट झाला हे कंट्रोलरला सांगणाऱ्या आदेशाची. फाइल डिलीट झाली हे विंडोजने सांगितल्याशिवाय कंट्रोलरला कळत नाही, आणि तो मेलेला डेटाही इमानाने हलवत बसतो. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडा. तुमच्या डिस्कसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेले हवे आणि वेळापत्रक आठवड्याचे हवे. डिस्क यूएसबीच्या डब्यात बसवली असेल तर हे जरूर तपासा, कारण काही डबे ट्रिमचा आदेश पुढे जाऊच देत नाहीत. बाहेरचे डीफ्रॅगचे (फाइलींचे तुकडे हलवून एकत्र करणारे) सॉफ्टवेअर मात्र काढून टाका.

प्रश्न (ठाणे): माझी एसएसडी किती वर्षे टिकेल?

उत्तर: तिचा टीबीडब्ल्यू आकडा पाहा, म्हणजे एकूण किती टीबी लिखाणाची हमी कंपनी देते तो. सॅमसंग ८७० ईव्हो ५०० जीबीचा आकडा ३०० आहे. रोज ३० जीबी लिहिले तर १०,००० दिवस, म्हणजे २७ वर्षे. तुमचे रोजचे लिखाण किती, हे डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमधल्या ‘टोटल होस्ट राइट्स’ची महिन्याच्या दोन टोकांना नोंद करून वजाबाकीने काढा. घरगुती वापरात झिजेआधी कंट्रोलर बिघडण्याचीच शक्यता जास्त, म्हणून बॅकअप हवाच.

प्रश्न (मुलुंड): सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये जुनी २४० जीबीची एसएसडी बसवावी, असे समितीत ठरते आहे. कॅमेरे आठ आहेत.

उत्तर: समितीला हा हिशेब दाखवा. प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरले तर आठ कॅमेरे मिळून १६, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला २ एमबी. दिवसाला सुमारे १७३ जीबी, वर्षाला ६३ टीबी. एसएसडीचा टीबीडब्ल्यू ८० असेल तर तो नवी असतानाच सव्वा वर्षात संपतो, आणि ही तर जुनी आहे. शिवाय रेकॉर्डिंग जेमतेम दीड दिवसाचे राहील. चोरी शनिवारी झाली आणि सोमवारी कळली तर हाती काही नाही. सीसीटीव्हीसाठी बनवलेली २ टीबीची हार्ड डिस्क घ्या, अकरा दिवसांचे चित्रण मिळेल.

प्रश्न (डोंबिवली): लॅमिंग्टन रोडवर वापरलेली एसएसडी स्वस्तात मिळते आहे. जुने फोटो भरून माळ्यावर ठेवू का?

उत्तर: पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉपला जोडून हेल्थची टक्केवारी, पॉवर-ऑन तास आणि एकूण लिखाण पाहा. पण या कामासाठी ती घेऊच नका. जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या मानकानुसार पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात १ वर्ष डेटा धरून ठेवायचा असतो. उष्णता वाढली की चिपमधला विद्युतभार लवकर गळतो, आणि मे महिन्यात पत्र्याखालचा माळा ३० अंशांवर थांबत नाही. फोटोंसाठी हार्ड डिस्क घ्या आणि ती माळ्यावर नको, खोलीतल्या कपाटात ठेवा.