पक्षच पोकळ असतील तर नवी लोकशाही टिकते का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की भारत-पाकिस्तान एकाच वेळी स्वतंत्र झाले, मग पाकिस्तानातली लोकशाही अकरा वर्षांतच का कोलमडली, आणि तिथले पक्ष कमजोर होते हे कारण कितपत खरं. माझ्या मते बरंच खरं आहे. फौज, काश्मीरची लढाई, जमीनदार हे सगळं होतंच, पण फौजेला दार उघडं सापडलं ते घरात कोणी नव्हतं म्हणून.

मुस्लिम लीग 1906 ची, म्हणजे तशी जुनी, पण तिचे बरेच बडे पुढारी युपी-मुंबईकडचे, नव्या देशात त्यांना स्वतःचं म्हणावं असं गाव नाही की मतदारसंघ नाही. जिना 1948 ला गेले, लियाकत अलींना 1951 ला रावळपिंडीत गोळ्या घातल्या. मग 1953 मध्ये जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंतप्रधान नाझिमुद्दीन, नुकतंच बजेट मंजूर करून घेतलेलं म्हणजे बहुमत आहे, आणि गव्हर्नर जनरलने त्यांना सरळ काढून टाकलं, अमेरिकेतले राजदूत बोग्रा आणून बसवले, आणि पक्षाने काय केलं तर त्यांनाच आपला नेता मानलं! जुने काही मंत्री तर नव्या मंत्रिमंडळातही जाऊन बसले. रस्त्यावर कोणी आलं नाही कारण आणणारा कार्यकर्ताच नव्हता. 1956 ला लीगमधूनच फुटून रिपब्लिकन पार्टी उभी राहिली, सत्ता तिकडे म्हणून माणसं तिकडे. 1958 पर्यंत सात पंतप्रधान झाले, मग लष्करप्रमुख अयुब खान यांनी सत्ता घेतली. पहिली सार्वत्रिक निवडणूक थेट 1970 ला.

आपल्याकडे 1964 ला नेहरू गेले, 1966 ला शास्त्रीजी गेले, दोन्ही वेळा पक्षाने बसून नेता निवडला, दुसऱ्यांदा तर इंदिरा गांधी विरुद्ध मोरारजी असं खासदारांचं रीतसर मतदान झालं. ही सवय काही एका दिवसात लागली नव्हती. 1920 च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने चार आण्याचा सभासद आणि भाषेप्रमाणे प्रांतिक कमिट्या ठरवल्या, आणि 1936 ला आपल्या खान्देशात फैजपूरला खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. माझे आजोबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, स्वयंसेवक म्हणून पाणी वाहायला होते. नेहरूंचं भाषण त्यांना फारसं आठवायचं नाही, पण नंतर गावात कमिटी होती, महिन्याला बैठक व्हायची, वर्गणीचा हिशोब वाचून दाखवायचे आणि त्यावरून भांडणं व्हायची, हे ते शेवटपर्यंत सांगायचे. पक्ष म्हणजे मला तेच वाटतं, निवडणूक नसतानाही चालू असलेलं भांडण.

आता ते उरलंय का? ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं, पॅनल असतं, निकाल लागला की सरपंच ज्याची सत्ता त्याच्या गाडीत. बाकी वरच्या निवडणुकांत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचं पत्र, कोणाला मिळणार हे शेवटच्या रात्रीपर्यंत तालुकाध्यक्षालाही माहीत नसतं, वीस वर्षं सतरंज्या उचलणारा बघत राहतो आणि आयात उमेदवार फॉर्म घेऊन जातो. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आहे, तरी 2022 ला शिवसेना आणि 2023 ला राष्ट्रवादी फुटलीच ना. कायद्याने आमदारकी जाऊ शकते, पण पक्षावर माया कशी येणार?

मी स्वतः एका पक्षाचा सभासद आहे, नाव सांगत नाही. मिस कॉल दिला आणि झालो. त्याला आता सहा वर्षं झाली, प्रचाराचे मेसेज शेकडो आले, बैठकीला या म्हणून एकही नाही. गेल्या महिन्यात मीच तालुकाध्यक्षांना फोन करून विचारलं की आपल्या गावची कमिटी कोण आहे, तर ते म्हणाले यादी जिल्ह्याला आहे, बघून सांगतो. मी परत फोन करणार आहे.