बाई, एक विचारू? – बेडूक, कात्री आणि शेवटची पंधरा मिनिटं

एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे बेडकावरची पत्रं आली की मला फॉर्मालिनचा, म्हणजे मेलेले प्राणी टिकवायच्या द्रावणाचा, वास आल्यासारखं होतं. या वेळी पाच पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून एकत्रच घेते. पहिल्याला जागा जास्त गेली आहे, बाकीच्यांनी रागावू नये.

पहिलं पत्र: मी यंदाच शिक्षिका झाले. पुढच्या आठवड्यात मुलांकडून बेडकाचं विच्छेदन करून घ्यायचं आहे. बेडूक आठ, मुलं बत्तीस. मी स्वतः कॉलेजात एकदाच केलं, तेही मैत्रिणीनं कापलं आणि मी आकृती काढली. कुणाला इजा होऊ नये म्हणून काय करू?

तुमचा प्रामाणिकपणा आवडला. मैत्रिणीनं कापलं आणि आपण आकृती काढली, अशा शिक्षकांची संख्या काही कमी नाही, फक्त कबूल कुणी करत नाही.

आठातला एक बेडूक आपल्यासाठी बाजूला काढा. मग एका बेडकामागे चार-पाच मुलं होतील, चालेल. दोन दिवस आधी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, पण दाराखिडक्या उघड्या ठेवून तो पूर्ण उघडा. घड्याळ समोर ठेवा. तुम्हाला चाळीस मिनिटं लागली तर मुलांना ऐंशी लागतील. हा हिशेब आधी कळला की अर्धे अपघात टळतात.

आता स्कॅल्पेल, म्हणजे चिरफाडीची छोटी धारदार सुरी. ती सगळी मोजा, कपाटात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे घ्या. माझ्या डाव्या तर्जनीवर, पेराजवळ, एक पांढरी रेघ आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मुलांना घाईघाईनं दाखवायला गेले, पातं जुनं होतं, बेडकाची कातडी रबरासारखी झालेली. चिरेना म्हणून जोर लावला आणि पातं सटकलं. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त घात करतं, कारण जोर आपला असतो आणि तो कुठे जाईल ते पातं ठरवतं. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, हे पण आकृतीत दाखवायचं का?"

आणि खरं सांगायचं तर बेडकाला स्कॅल्पेल लागतच नाही. त्याची कातडी खालच्या स्नायूंना सगळीकडे घट्ट चिकटलेली नसते, मध्ये लसिकेच्या (अंगातल्या पातळ, पाण्यासारख्या द्रवाच्या) मोकळ्या पोकळ्या असतात. पोटाच्या खालच्या भागाशी चिमट्यानं कातडी उचलली की तंबूसारखी वर येते. तिथे कात्रीनं एक छोटी चीर द्या, मग कात्रीचं बोथट टोक आत आणि टोकदार पातं बाहेर ठेवून हनुवटीपर्यंत जा. कात्री आडवी राहू द्या, टोक कायम छताकडे झुकलेलं. खाली रोखलं की जठर फाटलंच म्हणून समजा.

कातडीखाली पोटाच्या स्नायूंची दुसरी भिंत आहे. इथे सगळ्यांची चूक होते. मधोमध एक गडद रेघ दिसते, ती शीर असते. बरोब्बर त्या रेघेवर कापलं की ती फुटते. ताज्या बेडकात सगळं रक्तानं माखतं, आणि टिकवलेल्या बेडकाच्या शिरांत रंगीत लॅटेक्स, म्हणजे रबरासारखा पदार्थ, भरलेला असेल तर त्याचे तुकडे सगळीकडे पसरतात. म्हणून रेघेच्या किंचित बाजूनं कापायचं. वर छातीशी हाड लागेल. तिथे कात्री अडली की मुलं दोन्ही हातांनी दाबतात. तेवढं हाड मुलांसाठी तुम्ही कापून द्या.

टाचण्या उभ्या टोचू नका. शरीरापासून बाहेरच्या बाजूला तिरक्या झुकवा, म्हणजे काम करताना मनगटाला लागत नाहीत. सुरुवातीला मोजून द्या आणि मोजून परत घ्या. एक कमी पडली तर ती सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. मी एकदा तासभर शोधली होती, ती माझ्याच पदराला निघाली.

मुलांना वेगवेगळी कामं वाटून द्या: एक कापणारा, एक ट्रे धरणारा, एक पायरी मोठ्यानं वाचणारा, बाकीचे आकृती काढणारे. थोड्या थोड्या वेळानं अदलाबदल. नियम एकच आणि कडक: कात्री ट्रेवर आली की दुसऱ्याचे हात ट्रेबाहेर. आणि कात्री हातातून हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. मी पाहिलेल्या जखमांपैकी बहुतेक कापताना झालेल्याच नाहीत. "दे ना इकडे" म्हणताना झाल्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. घंटेच्या पंधरा मिनिटं आधी काम थांबवा. हृदय दिसलं असो वा नसो. मुलांना वाटतं, आता वेळ संपतोय, पटकन मूत्रपिंडं बघू. आतडी ओढली जातात, कात्री तिरकी पडते, कुणीतरी हातमोजे काढून उघड्या हातानं टाचण्या गोळा करतं. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात जे काही घडलं ते जवळजवळ सगळं या शेवटच्या पंधरा मिनिटांत घडलं.

कुणाला कापलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा, आणि जखम खोल असेल तर डॉक्टर. डोळ्यात थेंब उडाला तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचा, घड्याळ लावून. दोन मिनिटांत मूल म्हणतं, "बरं वाटतंय बाई". ऐकू नका. तिथूनही डॉक्टरकडेच.

शेवटी तुकडे बंद झाकणाच्या डब्यात, शाळेनं ठरवलेल्या विल्हेवाटीसाठी. उघड्या कचऱ्यात नकोत, कुत्री-कावळे ओढतात. फॉर्मालिन मोरीत ओतू नका. आणि हातमोजे घातले होते तरी हात साबणानं धुवायचेच.

एक राहिलं. एखादी मादी अंड्यांनी गच्च भरलेली निघेल, काळ्या-पांढऱ्या मण्यांचा नुसता ढीग. खालचं काहीही दिसणार नाही. त्या गटातली मुलं हिरमुसतात. त्यांना सांगा, हळूहळू अंडी काढून बशीत ठेवा आणि जमलं तर मोजा. माझ्या वर्गातला सगळ्यात शांत गट नेहमी तोच असायचा.

दुसरं पत्र: माझ्या मुलीच्या शाळेत विच्छेदन झालं. घरी आली तेव्हा डोळे चुरचुरत होते, डोकं दुखत होतं. शिक्षक म्हणाले, वासाची सवय होते. हे खरं आहे का?

वासाची सवय होते हे खरं, आणि तीच तर पंचाईत आहे. नाक काही मिनिटांत थकतं, वास येईनासा होतो, पण फॉर्मालिनमधून हवेत उडणारा फॉर्माल्डिहाइड तिथेच असतो. हा वायू प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकतो, म्हणूनच बेडूक कुजत नाही. डोळ्यांच्या आणि नाकाच्या ओल्या अस्तरालाही तो झोंबतो, तो त्याच गुणामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं. एका तासिकेनं मुलीला काही होईल अशी भीती धरू नका. तो धोका बराच काळ, वारंवार श्वासात घेणाऱ्यांचा, म्हणजे मुलीपेक्षा त्या शिक्षकांचा जास्त आहे. हे त्यांना जरूर सांगा. कदाचित स्वतःसाठी तरी खिडक्या उघडतील.

शाळेकडे मागणी करायची ती अशी: बेडूक आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवावेत, पाणी दोन-तीनदा बदलावं, आणि ते पाणीही मोरीत न ओतता विल्हेवाटीच्या बंद डब्यात जावं. वर्गाआधी वाहत्या पाण्याखाली पुन्हा धुवावेत. सगळा फॉर्मालिन जात नाही, पण पुष्कळ कमी होतो. दाराखिडक्या उघड्या, नायट्राइलचे हातमोजे, आणि बाजूंनीही झाकणारा संरक्षक चष्मा. नुसता नंबरचा चष्मा पुरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी नको, थेंब लेन्सखाली अडकला तर धुऊन निघत नाही. दम्याचं मूल असेल तर ते आधी सांगावं. आणि मुलीचे डोळे दुसऱ्या दिवशीही लाल असतील तर डॉक्टरांना दाखवा.

तिसरं पत्र: बाई, मला बेडूक कापताना पाहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मैत्रिणी हसतात. आणि खरं सांगू का, मला ते करायचंच नाहीये. नाही म्हटलं तर चालेल?

बाळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नकोस.

अंधारी येणं हा भित्रेपणा नाही. काही जणांचं शरीर असं काही पाहिलं की नाडी आणि रक्तदाब एकदम खाली आणतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. माझ्या वर्गात सगळ्यात आधी आडवा झालेला मुलगा वर्गातला सगळ्यात धिप्पाड होता. उपाशीपोटी जाऊ नकोस. उभी राहू नकोस, पाठीला टेकण असलेल्या खुर्चीवर बस. कानात गुणगुण, घाम, मळमळ सुरू झाली की "काही नाही" म्हणत थांबू नकोस, लगेच जमिनीवर आडवी हो आणि पाय उंच कर. कोसळून टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटण्यापेक्षा मैत्रिणींचं हसणं परवडलं.

करायचंच नाही, ही दुसरी गोष्ट. याबाबत माझं मत नोकरीत असतानाच बदललं. सुरुवातीला एका मुलाला नकार दिल्याबद्दल मी पूर्ण तास दाराशी उभं केलं होतं. आज त्याची लाज वाटते. तुझ्या बाईंना प्रात्यक्षिकाच्या दिवशी नको, चार दिवस आधी भेट. "मला जमणार नाही, त्याऐवजी मी काय करू?" असं विचार. प्रतिकृती आहेत, संगणकावरचं विच्छेदन आहे. 2019 साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या एका शाळेत, मुलांनी कृत्रिम पदार्थांचा बनवलेला बेडूक कापला, आत सगळे अवयव जागच्या जागी. काही हुकतं का? हो, थोडं हुकतं. अवयवांची खरी गुंतागुंत, एकाला धक्का लावला की दुसरा कसा सरकतो ते पडद्यावर कळत नाही. पण पुढे तुला शल्यविशारद व्हायचं नसेल तर त्यावाचून अडणार नाही. आकृती मात्र नीट काढ, "मी कापलं नाही" ही सबब तिथे चालणार नाही.

चौथं पत्र: आमच्या मुलांनी बागेत मेलेला बेडूक आणलाय. तोच वापरला तर?

नको. तो कशानं मेला ते ठाऊक नाही, बेडकांच्या अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असतात, आणि कुजायला लागलेल्या नमुन्यात शिकण्यासारखं फार उरत नाही. हातमोजे घालून पुरून टाका, हात धुवा. जिवंत पकडून आणायचा विचार तर करूच नका.

पाचवं पत्र: एका चित्रफितीत बेडकाच्या कापलेल्या पायांवर मीठ टाकल्यावर ते नाचायला लागले. मग आमचा बेडूकही जिवंत असेल का? शिवाय माझ्या बेडकात पिवळी बोटं सापडली नाहीत आणि माझ्या आकृतीचे गुण कापले.

चित्रफितीतले पाय नुकतेच कापलेले होते. बेडूक मेला तरी स्नायूंच्या पेशी काही काळ विजेचा भार धरून असतात. मिठातलं सोडियम तिथे पोचलं की तो भार ढळतो आणि स्नायू आखडतात. मेलेल्या बेडकाच्या तंगडीनं असाच झटका दिला म्हणून गॅल्वानी या इटालियन शास्त्रज्ञानं शरीरातल्या विजेवर 1791 साली प्रबंध छापला. तुझ्या फॉर्मालिनमधल्या बेडकावर मिठाचं पोतं रिकामं केलंस तरी काही व्हायचं नाही, त्याची प्रथिनं केव्हाच जखडली आहेत.

पिवळी बोटं म्हणजे चरबीचा साठा. खायला कमी असलेल्या दिवसांत आणि अंडी घालण्याच्या काळात बेडूक तो वापरून टाकतो. तुझा त्या वेळी पकडलेला असणार, आजारी नव्हता.

गुणांचं म्हणशील तर तुझी आकृती मी पाहिली. बेडूक पाठीवर झोपवलेला आहे, म्हणजे त्याची डावी बाजू तुझ्या उजवीकडे येते. तू जठर त्याच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलंयस. मीही कापले असते.